घसा : बापूराव गावंडे

सगळा घोळ झाला तो एका शब्दापायी. शब्द होता ‘लीड’.

दोन हजार सहा सालची गोष्ट, बरं का. त्या वर्षी कर्वेनगरात या शब्दाला जो भाव होता तो सोन्यालाही नव्हता. पूर्वी मुलीचा बाप विचारायचा, शेती किती, विहिरीला पाणी किती. मग विचारायला लागला, नोकरी पर्मनंट आहे का. आणि हिंजवडीच्या बसा सकाळी सकाळी गल्लीबोळांतून शेंगा वेचाव्यात तशी पोरं वेचून न्यायला लागल्यावर तो एवढंच विचारायचा, “मुलगा लीड झाला का?” लीड म्हणजे टीम लीड. हाताखाली माणसं, वर्षातून एकदा अमेरिका आणि गळ्यात पट्टा. पट्टा काय, सगळ्यांच्याच गळ्यात असायचा. पण लीडचा पट्टा लांबूनही ओळखू येतो, असं मुलींच्या आयांचं ठाम मत होतं.

बापूराव गावंडे मूळचे वर्ध्याकडचे. खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली, क्वार्टर सोडलं, कर्वेनगरात पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि रिटायर झाले. एकुलता एक मुलगा तेजस, तो हिंजवडीच्या एका कंपनीत. तिथे तो काय करतो हे बापूरावांना माहीत नव्हतं. पण त्या काळी ते कुठल्याच बापाला माहीत नव्हतं, त्यामुळे कमीपणा वाटायचं काही कारण नव्हतं.

एका रविवारी जेवताना त्यांनी सहज विचारलं, “काय रे, तुमच्या त्या ग्रुपात तुझं नेमकं काम काय?”

तेजस भात कालवत म्हणाला, “मी लीड आहे बाबा.”

बापूरावांचा घास हातातच राहिला. “लीड? कधीपासून?”

“झाले की चार महिने.”

“आणि हे आत्ता सांगतोस?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे?” पोरगं म्हणालं आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

आता पोरगं खोटं बोललं का? अजिबात नाही. लीडच होता तो. लीड गिटार वाजवायचा. वारज्याच्या रस्त्याला एका मित्राच्या बंद गॅरेजमध्ये चार पोरं जमायची आणि विजेच्या गिटारी लावून शेजारपाजारच्या कुत्र्यांना वैराग्य आणायची. आणि कंपनीत म्हणाल, तर कंपनीनं त्याला बेंचवर बसवलं होतं. म्हणजे काम काही नाही; यायचं, गार हवा खायची, कँटीनचं जेवण जेवायचं आणि घरी जायचं. खरं तर असं सासर प्रत्येकीला मिळावं.

घरातली गिटार काय बापूरावांना दिसत नव्हती? दिसत होती की. पण घरात कॅरम बोर्डही होता. म्हणून कुणी कॅरमला नोकरी समजतं का?

त्या दिवसापासून तेजस जे जे बोलेल ते ते बरोबर खाचेत बसत गेलं. तो फोनवर म्हणायचा, “अरे, रिलीज तोंडावर आलंय आणि ट्रॅक अजून बसत नाही.” बापूराव इंदुबाईंना म्हणायचे, “पाहा, केवढी जबाबदारी!” तो म्हणायचा, “व्हर्जन तीन बेकार झालं, परत पहिल्यापासून.” बापूराव हळहळायचे. इंदुबाई मेथी निवडत गप्प बसायच्या. त्यांच्या गप्प बसण्याकडे बापूरावांनी लक्ष दिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात कुठला नवरा देतो?

कॅनॉल रोडला सकाळी फिरणाऱ्या रिटायर मंडळींत ही बातमी पोचायला एक फेरी पुरली. त्या मंडळींत अनंत काळमेघ होते. मूळचे यवतमाळचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहायला वारज्याला. माणूस असा, की बोलायचा कमी आणि तेवढ्यातही समोरच्याचं सालपट काढायचा. त्यांची मुलगी श्रद्धा एका कंपनीत टेस्टर होती. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढायची. अशा मुलीला स्थळ शोधणं किती अवघड, हे अनंतरावांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस सांगत होते.

एकदा ते चालता चालता बापूरावांच्या बरोबरीला आले.

“गावंडेसाहेब, चिरंजीव लीड आहेत म्हणे.”

“हो. लीड.” बापूरावांनी चाल मंद केली.

“टीम केवढी?”

ही चौकशी बापूरावांनी घरी आधीच करून ठेवली होती. “चौघांची.”

“चारच?”

“चारच. पण लीड एकच.”

“बाकीचे तिघं काय करतात?”

“एक जण बेस सांभाळतो.”

“डेटाबेस?”

“तोच,” बापूरावांनी ठोकून दिलं. “दुसरा तेजसच्या मागे मागे असतो, त्याला साथ देतो. आणि तिसरा सगळ्यांच्या मागं बसून नुसता ठोकत असतो म्हणे.”

“म्हणजे टेस्टर,” अनंतराव म्हणाले. “आमची श्रद्धाही तेच करते.”

झालं! पत्रिका न बघताच दोन गुण जुळले.

इकडे लीडची पंचाईत वेगळीच होती. त्याला एक धून करायची होती. नुसती गिटारवर. शब्द नाहीत, गाणारा नाही, काही नाही. इतिहासात कुणी केलं नसेल असं काहीतरी करायचं म्हणून पोरगं तीन महिने दार लावून बसत होतं. बाहेर बापूरावांना ऐकू यायचं ते एवढंच : टँव, टँव, टँऽऽव. फाटकात मांजर अडकावं आणि त्यानं कुणाला हाकही मारू नये, नुसतं नशिबाला दोष देत बसावं, तसं. बापूराव समजून घ्यायचे. एवढ्या मोठ्या रिलीजचं टेन्शन, पोरानं जरा मन रमवलं तर बिघडलं कुठे?

आणि आता बापूरावांच्या सकाळबद्दल सांगायला पाहिजे.

बापूराव रोज सकाळी पाच चाळीसला बेसिनपाशी उभे राहून चूळ भरायचे आणि घसा खाकरायचे. लोक खाकरतात तसं नव्हे. आधी एक कोरडा ‘खॅक्’. मग थांबायचे. इतके थांबायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, गेले बहुतेक. मग लागोपाठ ‘खॅक् खॅक्’. मग बेंबीच्या देठापासून निघून टाळूपर्यंत चढत जाणारं लांबच लांब ‘आऽऽऽख्रर्र’. आणि सगळं मोकळं झालं, की अगदी हळू, उतरत्या सुरात, “नाराऽऽयणा.” समोरच्या गोठ्यातली म्हैस त्यापायी पान्हा चोरायची, शेवटी गवळ्यानं धारेची वेळ बदलली. एका दिवाळीत बापूराव चार दिवस वर्ध्याला गेले, तर बिल्डिंगमधली अकरा माणसं कामावर उशिरा पोचली आणि एकाची परीक्षा बुडाली.

एका सकाळी असंच चाललं असताना बापूरावांनी आरशात पाहिलं, तर मागे तेजस उभा. रविवार असूनही उठलेला, केस पिंजारलेले, डोळे विस्फारलेले आणि हातात नवा मोबाईल, तोही बापूरावांच्या तोंडाशी धरलेला.

“काय रे?”

“काही नाही बाबा, तुमचं चालू द्या.”

“हे कशाला धरलंयस?”

“रेकॉर्ड करतोय. असंच. परत एकदा करा ना, ते लांबवालं. जरा आणखी खालून आलं तर बघा.”

बापूरावांचा ऊर भरून आला. पोराला आपल्या छातीची काळजी! डॉक्टरला ऐकवायला रेकॉर्डिंग करतोय. त्यांनी मग काही हातचं राखलं नाही. असं खाकरले, की वरच्या मजल्यावर विजयमालाबाईंच्या फडताळातली पितळी भांडी वाजली. या विजयमालाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वरूनच खिडकीतून विचारलं, “बापूराव, संपलं की अजून कुणी आत अडकलंय?”

पुढं सोळा दिवस हा कार्यक्रम चालला. तेजस रोज पाच चाळीसला हजर. “बाबा, दुसऱ्या खॅक्‌नंतर घाई होतेय.” “बाबा, काल नारायणा जास्त छान आलं होतं.” आणि कंपनीतून आला, की रात्री उशिरापर्यंत खोलीत टँव टँव. बापूराव कॅनॉल रोडवर सांगत सुटले, “आजकालची मुलं आईबापांना विचारत नाहीत म्हणतात. माझा लीड असूनही रोज घसा तपासतो.”

एके दिवशी तेजस आनंदानं नाचतच आला. “बाबा, झालं! या शनिवारी रिलीज. तुम्ही आणि आई यायलाच पाहिजे.”

कंपनीच्या रिलीजला आईबापांना बोलावतात, हे बापूरावांना फार आवडलं. “नाव काय ठेवलंय त्याचं?”

“एज.”

“म्हणजे वय?”

“नाही हो बाबा, कडा. टोक. एज!”

कॉम्प्युटरवाल्यांची नावं म्हणून बापूरावांनी सोडून दिलं. ज्यांनी खिडकीला सोडलं नाही ते कड्याला काय सोडणार? “मग यानंतर पुढचं काय?”

“सध्या सिंगल आहे बाबा. पुढचं लोकांना आवडलं तर बघू,” तेजस लाजत म्हणाला.

बापूराव पोराच्या तोंडाकडे बघतच राहिले. पोरगं आडून आडून लग्नाचं सुचवतंय! तेही असं लाजून! सिंगल आहे म्हणतोय बिचारा. त्यांनी त्याच संध्याकाळी अनंतरावांना फोन लावला. “शनिवारी श्रद्धाला घेऊन या. मुलगा आपल्या कामात कसा दिसतो ते प्रत्यक्षच बघा. पोह्यांच्या बशीपुढे काय कळतं?”

“विचार चांगला आहे,” अनंतराव म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सनई-चौघडेच.

फोन ठेवल्यावर मात्र बापूराव हिशेब करत बसले. चौतीस वर्षं पुण्यात काढली, पण गावाकडच्या चार माणसांत मान वर करून बसावं असं हे पहिलंच काहीतरी हाताला लागलं होतं. काळमेघांसारखं घर, कमावती मुलगी. हे स्थळ गेलं असतं तर कॅनॉल रोडला तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून जरा वजन पडावं यासाठी त्यांनी बिल्डिंगमधल्या बावीस जणांनाही आमंत्रण दिलं. माणसाला खड्डा खणायचा असला, की फावडं कुठूनही मिळतं.

शनिवारी सगळे हॉलवर पोचले. हॉल एका कॉलेजचा. दारात पोरांची गर्दी, काळे टी-शर्ट, वाढलेले केस. बापूराव अनंतरावांना म्हणाले, “आयटीत कपड्यांचं बंधन नसतं.” स्टेजवर ढोलासारखं काहीतरी मांडलेलं होतं. बापूराव म्हणाले, “नंतर करमणूक असणार.” श्रद्धानं एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा बापूरावांकडे, आणि तिसऱ्या रांगेत शांतपणे जाऊन बसली.

दिवे गेले. एक पोरगा माईकपुढे आला. “दोस्तांनो, आपल्या बँडचं पहिलंवहिलं सिंगल, एकाच धुनीची सीडी, आज रिलीज होतंय! बेसवर मी. ड्रमवर, रिदमवर आपले नेहमीचे दोघं. आणि लीडवर, तेजस गावंडेऽऽ! बिचारा चार-पाच महिने कंपनीत बेंचवर आहे, म्हणून तर आपल्याला ही धून मिळाली. बेंचसाठी टाळ्या!”

टाळ्या पडल्या. तेजस गिटार लटकवून पुढे आला. बापूरावांच्या डोक्यात एकेक शब्द आपापल्या जागेवरून उठला आणि दुसऱ्याच जागी जाऊन बसला. लीड. बेस. रिलीज. सिंगल. त्यांनी डावीकडे बघितलं. इंदुबाई छताचे पंखे मोजत होत्या. उजवीकडे अनंतराव समोरच बघत होते. बघता बघताच म्हणाले, “गावंडेसाहेब, मागे बसून ठोकतोय तो टेस्टर ना?”

बापूरावांना वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. पण ते व्हायच्या आत धून सुरू झाली.

एक कोरडा झटका. मग शांतता. इतकी, की सगळा हॉल श्वास धरून बसला. मग लागोपाठ दोन. आणि मग तारेवरून खरवडत, फाटत, वर वर चढत गेलेला असा एक सूर, की पुढच्या रांगेतल्या पोरी किंचाळल्या.

बिल्डिंगच्या बावीस जणांत चुळबुळ झाली. कुणी मनगटावरचं घड्याळ बघितलं, कुणी सवयीनं चप्पल शोधली. आणि विजयमालाबाई, शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “अगो बाई! हे तर आपले बापूराव चूळ भरतायत!”

बावीस माणसं अशी हसली, की एकाची दातांची कवळी रांगेखाली गेली ती कार्यक्रम संपेपर्यंत सापडली नाही. माणसाला आपलाच आवाज कधी ओळखू येत नाही. बापूराव इकडेतिकडे बघत राहिले. पण शेवटी गिटार हळू झाली, आणि एक सूर घसरत, निवत खाली उतरला : नाराऽऽयणा. तेव्हा त्यांनी ओळखलं. आणि एक खरं सांगायचं तर, त्या क्षणापुरता त्यांना राग आला नाही. आपल्या घशात एवढं काही असेल, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या रांगेतला एक दाढीवाला पोरगा डोळे पुसत होता.

मग त्या बेसवाल्यानं विचारलं, “तेजस, ही धून तुला सुचली कशी?”

तेजसनं केस मागे टाकले. “मी एकटाच होतो. सह्याद्रीच्या एका कड्यावर. खाली दरी. आणि मला जाणवलं, आपली जनरेशन क्युबिकलमध्ये गुदमरतेय. ही तिची किंकाळी आहे. आतून आलेली.”

गार हवा खाऊन आणि फुकट जेवून पाच महिन्यांत सहा किलो वाढलेलं पोरगं हे बोलत होतं. टाळ्या थांबेनात. बापूराव मात्र हात मांडीवर ठेवून बसले. किंकाळी आतूनच आलेली होती, फक्त पोराच्या आतून नव्हती.

कार्यक्रमानंतर हॉलच्या मागच्या खोलीत चहा होता. श्रद्धा कागदी पेला घेऊन सरळ तेजसपुढे जाऊन उभी राहिली. बापूराव, इंदुबाई, अनंतराव, विजयमालाबाई, सगळे भोवती. तेजसला एव्हाना आईनं कानात सांगितलं होतं, की ही कोण आणि कशाला आली आहे. त्याचा चेहरा शिळ्या पोळीसारखा झाला होता.

“छान वाजवता,” श्रद्धा म्हणाली. “कुठला कडा?”

“अं? तो... तोरण्याच्या पुढचा.”

“तोरण्याच्या पुढे राजगड.”

“त्याच्या मधला.”

“नाव नाही त्याला?”

“ऑफबीट आहे,” तेजस म्हणाला.

श्रद्धानं मान वळवली. “काका, तुम्हाला माहीत असेल ना?”

आता आली का पंचाईत! सगळे बापूरावांकडे बघायला लागले. खरं बोलावं, तर पोराची भर चहात शोभा, आणि हातातोंडाशी आलेलं स्थळ गेलं. गप्प बसावं, तर तेही कबुलीच. बापूरावांनी पोराकडे बघितलं. पोरगं डोळ्यांनी गयावया करत होतं. आणि बापाचं तोंड आपोआप उघडलं.

“मी होतो ना बरोबर! लई धुकं. मी मफलर बांधलेला. हा कड्याच्या अगदी टोकाला, मी म्हणतोय, मागे सर, मागे सर. तेवढ्यात एक घार आली, अशी या खोलीएवढी, आणि तिनं याच्या हातातली भाकरीच नेली. आणि त्या घारीनं वर जाऊन जो चीत्कार केला ना... तिथल्या तिथं हा म्हणाला, बाबा, सुचलं!”

“भाकरी कसली होती?” श्रद्धानं विचारलं.

“ज्वारीची.”

तिनं तेजसकडे बघितलं. “हो?”

तेजसनं मान डोलावली. “हो. ज्वारीची.”

विजयमालाबाई बिस्कीट बुडवत म्हणाल्या, “बापूराव, आमच्याकडच्या सत्यनारायणाला दुसरा मजला चढवत नाही म्हणून प्रसाद खाली मागवता. तोरणा चढलात, कौतुक आहे.”

श्रद्धा हसली नाही. ती अजून तेजसकडेच बघत होती. वाट बघत. चूक सापडली, की लगेच लिहून टाकायची नाही, पुन्हा एकदा चालवून बघायचं, तीच येते का ते पाहायचं, ही तिची कामाची रीतच होती. तेजसनं पुन्हा एकदा मान डोलावली. श्रद्धानं पेला खाली ठेवला. “येते काका,” ती म्हणाली. निरोप घेतला तो फक्त काकांचा.

परतताना रिक्षात इंदुबाई म्हणाल्या, “मले माहीत होतं.”

“काय?”

“सगळंच. गिटारचं, बेंचचं. तुमच्या घशाचंसुद्धा.”

“मग बोलली काहून नाहीस?” बापूराव उसळले. चिडले, की त्यांच्या तोंडातून वर्धा बाहेर यायचं.

“तुम्ही लीड लीड करत इतके खुश होता, की महिनाभर भाजीत मीठ कमी म्हणाला नाहीत. म्हटलं, चाललंय ते चालू द्यावं.”

दुसऱ्या दिवशी वारज्याहून फोन आला. अनंतराव म्हणाले, “श्रद्धा नको म्हणते.”

“गिटारमुळे?”

“नाही.”

“बेंचमुळे?”

“बेंचवर तिच्याही कंपनीत निम्मे बसलेत. ती म्हणते, बाप आपल्यासाठी खोटं बोलत असताना जो ज्वारीचीच होती म्हणून मान डोलावतो, आणि बापाचं खाकरणंसुद्धा स्वतःच्या नावावर करतो, तो उद्या माझं काय शिल्लक ठेवणार? तुम्हाला मात्र नमस्कार सांगितलाय. घार तिला आवडली.”

बापूरावांनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. तेजस गिटार मांडीवर घेऊन बसला होता, वाजवत नव्हता.

“मान कशाला डोलावलीस?”

“तुम्ही कशाला खोटं बोललात?”

“मी बाप आहे. बाप बोलतोच खोटं. पोरानं मध्येच म्हणायचं असतं, बस करा बाबा. तेवढंही जमलं नाही तुला?”

तेजसनं गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाला, “बाबा, तिथं सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांना काय सांगू, हा आमच्या बाबांचा कफ आहे?”

“का? कफ वाईट वाजला का?”

“नाही,” तेजस म्हणाला. “तेच तर.”

खोलीच्या कोपऱ्यात खोकं होतं. त्यात त्या सिंगलच्या सीड्या. प्रत्येकीवर कड्याचं चित्र आणि खाली तेजसचं नाव. बापूरावांनी खोकं ओढून बाहेर आणलं, चष्मा लावला, फॅक्टरीत पेट्यांवर खुणा करायचे तसलं जाड काळं पेन घेतलं आणि एकेका सीडीवर, तेजसच्या नावाखाली, फॅक्टरीतल्याच ठसठशीत अक्षरात लिहायला सुरुवात केली : घसा : बापूराव गावंडे.

तेजस आधी नुसता बघत होता. मग शेजारी येऊन बसला आणि शाई वाळलेल्या सीड्या उचलून परत रचायला लागला. जेवणं खोळंबली. इंदुबाईंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा स्वतः येऊन बघितलं आणि म्हणाल्या, “त्या ‘घसा’च्या आधी ‘श्री’ लिहा. शुभ असतं.” कुणी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी तेजस त्यातली पहिली सीडी घेऊन वारज्याला निघाला. बापूराव म्हणाले, मी येतो. तेजस म्हणाला, तुम्ही वर यायचं नाही. तेव्हा ते काळमेघांच्या जिन्यात एक मजला खाली, कठडा धरून उभे राहिले.

दार अनंतरावांनी उघडलं. तेजसनं सीडी पुढं केली. अनंतरावांनी ती लांब धरून वाचली, जवळ आणून वाचली.

“अक्षर तुमचं नाही.”

“बाबांचं आहे.”

“आणि सूर?”

“तेही त्यांचेच.”

“कडा?”

“नव्हता. बेसिन होतं.”

“घार?”

“कावळाही नव्हता.”

“लीड?”

“गिटारचा. कंपनीत बेंचवरच आहे अजून.”

“सूर वडिलांचे, घसा वडिलांचा, घारही वडिलांचीच,” अनंतराव म्हणाले. “मग यात तुम्ही केलंत काय?”

खाली जिन्यात बापूरावांच्या जिभेवर एका दमात सात उत्तरं आली. एकात तर चक्क वाघ होता. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि ओठ दातांखाली दाबले. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी दारूगोळ्यातही केलं नव्हतं.

वर तेजस म्हणाला, “मी वाजवलं. त्यातला दुसरा खॅक् मला सोळा दिवस येत नव्हता.”

आतून श्रद्धाचा आवाज आला. “अजूनही येत नाही. घाई होते.”

“हो,” तेजस म्हणाला. “घाई होते.”

अनंतरावांनी दार पुरतं उघडलं. “या. आणि खाली जिन्यात श्वास धरून जे कुणी उभे आहेत, त्यांनाही बोलवा. चहा टाकायला सांगतो.”

तेजसचा चेहरा उजळला. तो खाली हाक मारायला वळलाच होता, तर अनंतरावांनी मागून सावकाश पुस्ती जोडली.

“चहा म्हणालो मी.”